मास्तरांचं बोट

मित्रांनो, अहो इकडे, वर बघा! स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी. शेंगदाण्याएवढा माझा जीव, त्यामुळे पटकन दिसायचा नाही. मी एक जुनं कानाचं मशीन आहे. कागदोपत्री मला श्रवणयंत्र म्हणतात, पण त्या नावानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका ताईनं चिमट्यानं माझे बारीक अवयव जागच्या जागी बसवले. मला घडवलं ते माणसांचं बोलणं ऐकवण्यासाठी. गाण्याचं मला कुणी काही शिकवलं नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

मी आलो ते गाण्याच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे. त्यांनी जन्मभर शाळेत मुलांना गाणं शिकवलं होतं. त्यांची एक खोड होती. कुणाचा सूर जरा उतरला की त्यांचं अंगठ्याशेजारचं बोट आपोआप वर जायचं. ओरडणं नाही, मारणं नाही, नुसतं बोट. मुलं म्हणे छडीपेक्षा त्या बोटाला घाबरायची. आणि मुलंच कशाला, काकूसुद्धा! काकू म्हणजे मास्तरांची बायको. नव्या संसारात एकदा कपडे वाळत घालताना त्या गात होत्या, तेव्हा ते बोट वर गेलं. तेव्हापासून त्या नवऱ्यासमोर कधी गायल्या नाहीत. हे त्या आपल्या लेकीला सांगत होत्या, तेव्हा मी ऐकलं. हसत हसत सांगत होत्या, पण मला काही हसू आलं नाही.

सुरुवातीला माझं कोण कौतुक झालं! मी कानावर बसलो आणि मास्तर दचकून म्हणाले, "हा नळ कधीपासून गळतोय?"

"दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "सांगून सांगून जीभ झिजली माझी."

दोघंही पोट धरून हसले. मी तर हवेतच होतो. पण संध्याकाळी मास्तरांनी आपल्या आवडत्या गाण्याची कॅसेट लावली आणि माझं पितळ उघडं पडलं. मी जीव तोडून ऐकवत होतो हो, पण बारीक सूर माझ्याकडून किरकिरायचे, जाड सूर पार हरवायचे. मास्तरांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. "पत्र्याचा डबा बडवतंय नुसता," ते म्हणाले. "माझी गाणी माझ्या डोक्यात शाबूत आहेत. ती मला नासवायची नाहीत."

त्यांनी मला काढलं आणि स्वयंपाकघराच्या खणात टाकलं. जुन्या किल्ल्या, शर्टाची बटणं, संपलेली पेनं आणि मी.

मित्रांनो, अंगात सेल नसला तरी मला ऐकू येतं. फक्त ते दुसऱ्याच्या कानात घालता येत नाही. खणात पडून मी या घराचं बोलणं आटताना ऐकलं. काकू आधी मोठ्यानं बोलायच्या. मग ओरडायला लागल्या. मग हातवाऱ्यांवर आल्या. शेवटी "जाऊ दे" एवढंच म्हणायच्या, तेही स्वतःशी. मास्तर आपले खुर्चीत डोळे मिटून डोक्यातली गाणी ऐकत बसायचे. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठी जीवही तुटायचा.

मग एका दुपारी काकू मटार सोलता सोलता गायला लागल्या. मास्तर पलीकडच्याच खोलीत होते, पण आता भीती कुणाची? आधी गुणगुणल्या, मग चांगला मोकळा आवाज लावला. आवाज वयानं थरथरत होता. दुसऱ्या कडव्यात सूर उतरला, तरी त्या थांबल्या नाहीत. मग ते रोजचंच झालं. नवऱ्याचे कान गेले, तेव्हा कुठे त्या बाईला तिचं गाणं मिळालं.

पुढे लेक माहेरी आली. निघताना तिनं मला खणातून शोधून काढलं, पुसलं, नवा सेल घातला. बापाच्या कानाशी जाऊन म्हणाली, "बाबा, गाण्यासाठी नको, आईसाठी घाला. तिला बोलायला घरात माणूस नाही."

मास्तरांच्या ते मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कानावर चढवलं आणि बायकोला चकित करायचं म्हणून पाय न वाजवता स्वयंपाकघराच्या दारात आले. काकू पाठमोऱ्या गात होत्या. मास्तर चौकटीला धरून उभे राहिले. मी किरकिरत होतो, पण त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. उलट त्यांचे डोळे भरून आले. आता आत जातील, शेजारी बसतील, असं मला वाटलं.

तेवढ्यात दुसरं कडवं आलं. सूर उतरला आणि मास्तरांचं बोट वर गेलं.

त्याच क्षणी काकू वळल्या. त्यांनी बोट पाहिलं, मग कानावर बसलेल्या मला.

"ऐकू येतंय तुम्हाला?"

"अगं, छान म्हणत होतीस," मास्तर गडबडून म्हणाले. "फक्त तिथं जरा..."

"चहा टाकते," काकू म्हणाल्या.

संपलं! मास्तरांनी किती विनवण्या केल्या. "म्हण ना गं, चुकलं माझं. ती मेली सवय आहे." काकू म्हणायच्या, "आता या वयात कसलं गाणं घेऊन बसलात?" आणि कामाला लागायच्या. चांगलं महिनाभर मी मास्तरांना गळणारा नळ ऐकवला, पण गाणं काही ऐकवू शकलो नाही.

मग एका दुपारी मास्तर आत आले. काकूंच्या देखत त्यांनी मला काढलं आणि या फळीवर ठेवलं. समोर खुर्ची घेऊन बसले, आणि ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत गच्च धरलं. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या मुठीकडे. "काहीतरीच तुमचं," त्या म्हणाल्या. मास्तरांना ते ऐकू गेलं नाही. किती दुपारी तशाच मुक्या गेल्या. अखेर एके दिवशी काकूंचे ओठ हलले.

आता रोज त्या गातात आणि मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत बसतात. दुसऱ्या कडव्यात सूर अजून तिथंच उतरतो. गाण्यातलं मला काही कळत नाही, पण तो उतरलेला सूर मला फार आवडतो. माझ्यात सेल आहे, मी मास्तरांच्या हाताच्या अंतरावर आहे, पण ते मला उचलत नाहीत. पुन्हा बोट वर जाईल, अशी त्यांना भीती वाटते.

मित्रांनो, माझ्यासारख्याला पुसून कोरडं ठेवा, ते तर झालंच. पण तुमच्या घरात कुणी काम करता करता गुणगुणत असेल, तर त्याची चूक काढायची घाई करू नका. तुमचे कान शाबूत आहेत, तोवर शेजारी बसा आणि नुसतं ऐका. इथं मास्तर समोरच बसलेत, काकू गातायत, आणि ते गाणं ऐकतोय एकटा मी.