देवघरातली आकडी

मित्रांनो, मी घोड्याचे खूर साफ करायची एक आकडी आहे. जुनी आहे, लोखंडी आहे आणि माझ्या अंगाला वास येतो. हे आधीच सांगितलेलं बरं. साबणाने धुवा, लिंबाने घासा, काही उपयोग होत नाही. मलाच माझा वास सहन होत नाही, तर तुम्हाला कसा होईल?

घोड्याचा पाय तुम्ही वरूनच बघितला असेल. वरून तो छान दिसतो, टणक आणि गुळगुळीत. पण पाय उचलून तळवा बघितलात तर मधोमध एक मऊसर त्रिकोण असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल चर. घोडा जिथे जिथे उभा राहतो तिथलं सगळं त्या चरांत जाऊन बसतं. लीद, मुतात भिजलेला पेंढा, चिखल, खडे. एकदा गुटख्याची पुडी निघाली होती, एकदा अर्धी चिरडलेली गोगलगाय. हे सगळं खरवडून बाहेर काढायचं, ते माझं काम. एका नालबंदाने जुन्या कानशीचं लोखंड तापवून मला घडवलं. त्याच दिवशी त्याच भट्टीत एक रिकीब दुरुस्त झाली होती, खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची. ती गेली चकचकीत बुटाखाली आणि मी गेले लिदीत. तेव्हापासून मला जी शिसारी बसली आहे, ती काही सुटलेली नाही.

माझे पहिले मालक गुरुदत्त सर. मूळचे सांगलीचे, सैन्यात घोड्यांच्या तुकडीत होते. शेवटची बदली फोर्ट विल्यमला झाली आणि निवृत्तीनंतर ते कोलकात्यातच राहिले. न्यू टाउनच्या उंच इमारती जिथे संपतात आणि मासळीची तळी सुरू होतात, तिथे त्यांनी छोटा तबेला काढला. लोक आपापले घोडे तिथे ठेवतात आणि सर त्यांना घोड्यावर बसायला शिकवतात. बसायला म्हणजे फार नंतर. आधी घोड्याच्या खाली वाकायला शिकवतात. सरांचा नियम असा, की दाणापाणी आणि पेंढा सईस बघेल, पण खूर मालकाने स्वतः साफ करायचे. आणि एका घोड्याची आकडी दुसऱ्याला लावायची नाही, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला जातो.

मला त्यांनी पारुल नावाच्या तपकिरी घोडीच्या खुंटीवर अडकवलं. पारुलचे आधीचे बंगाली मालक परदेशी गेले आणि ती सानिकाताईंकडे आली. सानिकाताई पुण्याच्या, न्यू टाउनमधल्या एका कंपनीत कामाला, आणि ऋता नावाच्या दुसरीतल्या मुलीची आई. ऋताला शिंक आली तरी त्या तिच्या कपाळाला हात लावून बघायच्या. तबेल्यात आल्या की आधी सॅनिटायझर, मग हातमोजे, मग ऋताला हुकूम, "कशाला हात लावू नकोस, आणि तोंड बंद ठेव, माशा आहेत."

पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन बोटांत असं धरलं, की जणू मी मेलेलं झुरळ होते.

"सर, हे सईस नाही का करू शकत?"

"करेल की," सर म्हणाले. "मग घोडी पण त्याच्याच नावावर करू या."

"तसं नाही हो. पण मला ना, उमासे येतात."

"येऊ द्या. घोडीची हरकत नाही."

मग त्यांनी ओढणी नाकाला बांधली आणि पारुलचा पुढचा पाय उचलला. पुढचे दोन पाय त्या बरे करायच्या. मागचे पाय करायचे तर शेपटीच्या खाली वाकावं लागतं. ते आलं की त्यांचा चेहरा वेडावाकडा व्हायचा. मी चरात शिरते न शिरते तोच पाय खाली. "झालं, झालं," असं त्या पारुलला म्हणायच्या. काहीही झालेलं नसायचं. मला ठाऊक होतं, कारण मी आत होते.

पण पारुलवर त्यांचं प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. ऑफिसच्या कुठल्याशा शिबिरात त्यांना शिकवलं होतं, की रोज संध्याकाळी कोणाचे तरी मनापासून आभार मानावेत. मग मायलेकी पारुलच्या गळ्याला बिलगून उभ्या राहायच्या.

"पारुल, तू आज मला पाडलं नाहीस म्हणून थँक्यू," ऋता म्हणायची.

"आणि तू आमच्या आयुष्यात आलीस म्हणून मी कृतज्ञ आहे," सानिकाताई म्हणायच्या आणि पारुलच्या कपाळाची पापी घ्यायच्या. मग फोटो.

सर लांबून बघायचे. एकदा म्हणाले, "सानिकाताई, वरच्या बाजूचे आभार मानून झाले असतील तर जरा मागच्या बाजूचेही माना."

ताई हसल्या. मागचे पाय त्या दिवशीही तसेच राहिले. मित्रांनो, मला घाणीची किळस येते हे तर मी सांगितलंच. पण ते गोड गोड बोलणं ऐकताना, चरात काय साचलंय हे माहीत असताना, माझ्या लोखंडावर जो काटा यायचा तो निराळाच. घाण निदान गोड बोलत नाही.

असे महिने गेले आणि दुर्गापूजेचे दिवस आले. कोलकात्यात तेव्हा रस्त्यारस्त्यावर मंडप, दिवे आणि माणसं. पाऊस मात्र गेला नव्हता, तबेल्यातला पेंढा दमट राहायचा. सर दसऱ्याला बहिणीकडे सांगलीला निघाले. जाताना म्हणाले, "ताई, घोडीवर बसू नका, फिरवू नका, काही करू नका. फक्त रोज चारही पाय उचला."

"हो सर. अगदी निश्चिंत जा."

खंडेनवमीला ताईंच्या सासूबाईंचा, निर्मलाताईंचा, नाशिकहून फोन आला. आपापल्या कामाची हत्यारं पुजायची, हे त्यांनी बजावलं. ताईंनी मला खुंटीवरून काढून घरी नेलं. गरम पाण्याने धुतलं, चिंचेने घासलं. मूठ तेलाने पुसली. आणि देवघरात, लॅपटॉप आणि गाडीच्या किल्लीच्या मधे, लाल कापडावर मला ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं. उदबत्ती लावली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी ओवाळलं.

सुख झालं म्हणाल तर झालं. पण थोडाच वेळ.

"आई, मग आज पारुलचे पाय?" ऋताने विचारलं.

"अगं, आज हत्यार वापरायचं नसतं. आजी काय म्हणाली?"

"मग उद्या?"

"उद्या दसरा. उद्या बघू."

दसऱ्याला बदली होऊन आलेली दोन-तीन मराठी कुटुंबं सोनं द्यायला घरी आली. मला सगळ्यांना दाखवण्यात आलं. "आमच्या घोडीचं हत्यार," ताई कौतुकाने म्हणाल्या. माझा फोटो कुठे कुठे गेला आणि त्याखाली पुष्कळ लोकांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी ऋताला सर्दी झाली. मग खोकला. मग ताईंना वाटलं, की कफ छातीत उतरतोय. त्या दिवसातून कितीदा तरी तिच्या पाठीला कान लावायच्या. मुलीला सोडून तबेल्यात जायचं सुचेना, आणि सईस आहे की तिथे, असं त्या स्वतःलाच सांगत राहिल्या. मी लाल कापडावर पडून होते. फूल सुकलं, मग कुजलं. त्याचा चिकट पिवळा रस माझ्या टोकावर उतरला. उदबत्तीच्या वासाने मला मळमळ होऊ लागली. तिकडे पारुल ओल्या पेंढ्यात उभी होती आणि इकडे माझी पूजा चालली होती. ज्याचं काम थांबवून त्याला ओवाळायचं, त्याला मान म्हणतात का, हे मला अजूनही कळलेलं नाही.

ऋता बरी झाल्यावर आम्ही तिघी तबेल्यात गेलो. पारुलच्या खोलीत शिरताच ताईंनी नाक दाबलं.

"ईऽ, काहीतरी मेलंय इथे. उंदीर असणार. ऋता, बाहेर थांब."

त्यांनी कोपरे बघितले, गव्हाणीखाली बघितलं. उंदीर नव्हता. पारुल मात्र त्यांच्याकडे वळली नाही. मागचा उजवा पाय तिने जेमतेम टेकवला होता. सईस दारात आला.

"दो दिन से पैर नहीं रख रही, मैडम. आपका फोन लगाया था."

"तुमने साफ नहीं किया?"

"किससे करते? आकडी तो आप ले गईं."

ताईंनी फोन काढून बघितला. त्यात न उचललेले कॉल दिसत होते, ऋताच्या खोकल्याच्या दिवसांतले. त्यांनी हातमोजे चढवले, मला घेतलं आणि तो पाय उचलला. वास एकदम वर आला. तो लिदीचा नव्हता, मित्रांनो. लीद कितीही घाण असली तरी ती गवताचीच असते. हा कुजलेल्या मांसाचा वास होता. चरातून काळं, चिकट, दह्यासारखं काहीतरी गळत होतं. मी आत टेकले तर जिथे टणक लागायला हवं तिथे मी रुतले. पारुलने पाय हिसकला. ताई तशाच नळाकडे धावल्या आणि तिथे ओकल्या.

पूजेच्या सुट्टीत घोड्यांचे डॉक्टर गावाला गेले होते. फोनवर ते म्हणाले, "सडलंय ते. किती आत गेलंय हे मला इथून दिसत नाही. हाडापर्यंत गेलं तर घोडी कायमची लंगडी होईल, आणि मग तिचं काय करायचं हे आपल्याला बसून ठरवावं लागेल. मी येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ सगळं सडकं काढायचं, औषधाने धुवायचं, कोरडं ठेवायचं. आणि मला रोज सांगायचं, रंग कसा आहे, पातळ आहे का घट्ट, वास कमी झाला का."

ताई ऐकता ऐकता थबकल्या. "डॉक्टर, फोटो पाठवू का?"

"पाठवा ना. लोक लाजतात हो फोटो काढायला."

"मी नाही लाजत," ताई म्हणाल्या. "मुलगी तान्ही असताना तिच्या प्रत्येक लंगोटाचा फोटो मी डॉक्टरांना पाठवायचे. हिरवी झाली, फेसाळ झाली, सगळे. शेवटी त्यांनीच हात जोडले."

"आई," ऋता दारातून म्हणाली, "शी."

"शी काय, तुझीच होती ती."

आणि मग त्यांनी हातमोजे काढून टाकले. मोज्यातून मऊ कुठे आहे आणि टणक कुठे, हे बोटांना कळत नव्हतं. ओढणीही सोडली, कारण वासावरूनच कळणार होतं. पारुलचा पाय मांडीवर घेतला आणि खाली वाकल्या. पुन्हा एकदा उमासा आला, तो त्यांनी गिळला. माझं टोक त्यांनी इतक्या हलक्या हाताने चरात घातलं, की माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी तसं चालवलं नव्हतं. काढलेलं ते सगळं त्या कागदावर पसरून बघायच्या, नाक जवळ नेऊन हुंगायच्या. तान्ह्या मुलाच्या आईला जी नजर असते ना, काळजीने वेडी झालेली, ती एवढे दिवस पारुलच्या कपाळापाशी अडकली होती. आता ती तळव्यापर्यंत पोचली.

पहिले काही दिवस पारुल पाय द्यायची नाही. एकदा तिने ताईंना भिंतीवर ढकललं. ताई म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. चल, दे." गळ्यात पडणं नाही, पापी नाही. ऑफिसला जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, "हाडाला लागलं नाही. पण थोडक्यात."

सर सांगलीहून परतले. त्यांनी खुंटीवरून मला उचललं, हुंगलं. मग ताईंचे हात बघितले. नखांत काळं होतं.

"काय ताई, तुमचं ते सॅनिटायझर संपलं वाटतं?"

"घरी गेल्यावर लावते, सर."

"बरं. मागचा उजवा दाखवा."

सरांनी बराच वेळ तळवा बघितला. शाबासकी दिली नाही. "डावाही दाखवा," एवढंच म्हणाले. ताईंनी डावाही दाखवला, आणि त्यात माझ्यासाठी काहीच उरलेलं नव्हतं.

मित्रांनो, माझी किळस गेली असं समजू नका. ती जाणार नाही, आणि ताईंचीही गेलेली नाही. अजून त्या वाकल्या की नाक मुरडतात. पण तुमच्या घरात, शाळेत, गोठ्यात, कोणीतरी तुम्हाला पाठीवर वाहत असेल. त्याचे आभार मानायचे असतील तर त्याच्या तोंडाकडेच बघत बसू नका. जिथे बघायला तुम्हाला नकोसं वाटतं, तिथे रोज एकदा बघा. आणि ज्या वस्तूने ते काम होतं तिला ओवाळलंत तर ओवाळा, पण त्याच दिवशी कामालाही लावा.

काल संध्याकाळी आम्ही पारुलच्या खोलीत गेलो. ताईंनी पुढचे दोन पाय केले आणि मागे वळल्या. अजून त्यांनी हात लावला नव्हता, "दे" म्हटलं नव्हतं. पारुलने गवत चघळता चघळता मागचा उजवा पाय आपणहून उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला.