माझा अर्धा आवाज

मित्रांनो, मी जुनी आहे, पण अडगळ नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी एक इलेक्ट्रिक गिटार आहे. रंग पिकलेल्या टमाट्यासारखा लाल, आणि अंगावर वेलांटीसारखी दोन छिद्रं. माझं पोट मधोमध भरीव आणि दोन्ही कडांना पोकळ, त्यामुळे आवाजाला गोलाई आहे. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण मला ती सवय आहे.

कारखान्यातून निघाले ती थेट अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रात. पंधरा वर्षं गणपती, लग्नं, गॅदरिंग गाजवली. मी वाजू लागले की मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर उभी राहायची. मग एकटा कीबोर्डच सगळी वाद्यं वाजवू लागला, ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि मी भिंतीवर टांगली गेले. तारा गंजल्या, पिकअप बिघडले. पिकअप म्हणजे तारांखालचे लोहचुंबकाचे डबे. तारांची थरथर तेच स्पीकरपर्यंत पोचवतात. माझा एक अगदीच मेला होता आणि दुसरा नुसत्या शिट्ट्या मारायचा.

सुचितानं मला तिथून आणलं. ती वाशीमला एका शाळेत संगीत शिकवते. तिचे वडील जगदेव रिठदला भाजीपाला पिकवतात. भावकीतल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं म्हणायचा मान त्यांचा. पण मागच्या वर्षी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज बारीक झाला. तेव्हापासून त्यांनी माइक हातात धरला नव्हता. आता पुतणीचं, संस्कृतीचं लग्न ठरलं होतं.

“माह्या जागी दुसऱ्या कोणाले उभं करा,” जगदेव म्हणाले. “भर मांडवात आवाज फाटला तं लोक हासतीन.”

“बाबा, मी गिटार घेऊन तुमच्या बाजूले उभी राहीन. तुमी अडकले तं ती तुमाले धरून ठेवीन.”

“तुही गिटार लय जाड बोलते वो माय. मले खाऊन टाकीन.”

मला मनातून बरंच वाटलं. जाड बोलते, ही तर माझी ऑर्केस्ट्रापासूनची कीर्ती होती.

सुचिता मग नवे पिकअप शोधू लागली. रोज शाळेतून आली की कानाला मोबाइल, वेगवेगळ्या पिकअपच्या आवाजाचे नमुने ऐकत. तिला हंबकर जातीचे पिकअप हवे होते. हंबकरात दोन कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, शेजारी शेजारी असतात. त्यानं विजेची घरघर मरते आणि आवाज भरदार येतो. पण त्यातली एक कॉइल हवी तेव्हा बंद करता यावी, असाही तिचा हट्ट. म्हणजे आवाज बारीक, स्वच्छ होतो आणि गाणाऱ्याला जागा मिळते. मला जास्त वेढ्यांचा दणदणीत जोड आवडला होता. माझ्या पोकळ अंगात तो शिट्ट्या मारेल म्हणून तिनं तो नाकारला. अगदी कमी वेढ्यांचाही नाकारला, कारण अर्धा केल्यावर तो मरगळतो. शेवटी मधला निवडला. माझा आवाज अर्धा करायला एवढा विचार! मला राग आला होता, लपवत नाही.

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा पिकअप आले, आणि सुचितानं ते उलटून बघितले. कॉइल बंद करायची तर पिकअपमधून चार वायरी बाहेर यायला हव्यात. या जोडाला दोनच होत्या. आवाज ऐकण्याच्या नादात वायरी बघायच्याच राहिल्या. बदलून मागवायला वेळ नव्हता.

ती मला सीताबाईंकडे घेऊन गेली. सीताबाई वाशीमात पाण्याच्या मोटारी भरतात. जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. गिटार त्यांनी आयुष्यात हातात धरली नव्हती. माझ्यासारखीला मोटारीच्या दुकानात! मी नाक मुरडलं.

सीताबाईंनी चष्मा लावून पिकअप उघडला. “दोनच कॉइल हायेत न? मंग एकीचं शेपूट दुसरीले जोडलं असन. तो सांधा सापडला म्हंजे झालं.”

“तार केसाहून बारीक हाय, मावशी. तुटली तं?”

“तुटली तं जोडू. कायले घाबरून राह्यली?”

सांधा सापडला. त्याला त्यांनी एक नवी वायर सोल्डर केली, दुसऱ्या पिकअपलाही तसंच केलं. पण खरी अडचण पुढं होती. माझ्या पाठीला झाकण नाही. बटणं, वायरी, सगळं त्या वेलांटीच्या छिद्रातून आत सारून जागेवर आणावं लागतं. भले भले कारागीर इथं घाम पुसतात. सीताबाईंनी बटणाच्या दांडीला दोरा बांधला आणि परकरात नाडी ओवावी तसं एकेक बटण माझ्या पोटातून ओढून आपापल्या भोकातून बाहेर काढलं. मी मुरडलेलं नाक गुपचूप सरळ केलं. आता आवाजाचं बटण वर ओढलं की मी अर्धी, खाली दाबलं की पूर्ण.

लग्नाचा मुहूर्त दुपारी बाराचा. मांडव भरला. सुचितानं बटण वर ओढलं आणि स्पीकरमधून घरघर सुरू झाली. घरघर जिरवणारी दुसरी कॉइलच बंद होती ना! जगदेवांनी माइक खाली केला.

सुचितानं सीताबाईंनाही लग्नाचं आवतण दिलं होतं. त्या पाहुण्यांतून उठल्या. “ओ भाऊ, ते लायटिंग बंद करा न! दिवसा बारा वाजता कायले लावून राह्यले? घरघर त्याचीच हाय.”

रंगीत दिव्यांच्या माळा विझल्या आणि घरघर जवळजवळ गेली. जगदेवांनी माइक पुन्हा वर घेतला. पहिली ओळ डगमगली. मी त्यांच्या आवाजाखाली सावकाश एकेक सूर ठेवत गेले. दुसऱ्या ओळीत ते मध्येच अडकले. मी एकच सूर धरून थांबले. मग त्यांचा आवाज आला, बारीक पण सरळ, आणि शेवटपर्यंत तुटला नाही. स्वयंपाकाची माणसं झारे हातात घेऊनच बाहेर आली होती.

‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या. सुचितानं बटण खाली दाबलं आणि मी पूर्ण आवाजात दणदणले. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. सगळे जगदेवांकडं बघत होते, आणि मला त्याचाच अभिमान वाटला. पंधरा वर्षांत वाटला नव्हता एवढा.

गर्दी ओसरल्यावर जगदेव माझ्याजवळ आले. मानेवरून हात फिरवून म्हणाले, “बरं धरून ठेवलं वो माय तुनं मले.”

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य भिंतीवर मुकं टांगलेलं असेल तर त्याला खाली उतरवा. पुसा, तारा बदला, ओलीपासून जपा. आणि कधी माझ्याकडं आलात तर मला उलटी करून झटकू नका. त्या दिवशी उडालेल्या अक्षतांचा एक दाणा छिद्रातून माझ्या पोटात पडलाय. तो काढायचा नाही, असं मी आणि सुचितानं ठरवलं आहे.