दादाच्या हातांचं औषध

बासष्ट कंपन्यांच्या संघटनेची ती अध्यक्ष होती. त्यात औषधं बनवणाऱ्या होत्या, लशी बनवणाऱ्या होत्या, आणि दोन खोल्या, चार माणसं नि एक फ्रीज एवढाच पसारा असलेल्याही होत्या. अकरा वर्षं ती देशोदेशीच्या परिषदांत वीतभर स्टॉलवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आली होती, "आमच्या भागात या. आमच्याकडे डोकी आहेत, हात आहेत, जागा आहे." सगळे तिला मॅडम म्हणत. ठमे म्हणणारा एकच माणूस होता, तिचा थोरला भाऊ.

दादा शिंपी होता. वडील गेले तेव्हा तो अठराचा आणि ती सात वर्षांची. त्यानं शिक्षण सोडून शिवणयंत्र धरलं आणि तिच्या हातात सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी पडेपर्यंत पाय थांबवला नाही. परिषदेला घालायचे तिचे सगळे कोट त्यानंच शिवलेले.

पन्नाशी ओलांडली आणि त्याच्या हातातून कात्री निसटायला लागली. मग सुई. मग चहाचा कप. स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार आहे, बाजारात औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाजारात नव्हतं, पण प्रयोगशाळेत होतं. तिच्याच संघटनेतले एक पाठीत वाकलेले शास्त्रज्ञ नऊ वर्षं या आजारामागे हात धुऊन लागले होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, कारण साधं 'कसे आहात' विचारलं तरी ते फळ्यावर काढून दाखवायचे. त्यांच्या औषधाची चाचणी मोठ्या हॉस्पिटलात सुरू झाली. एकोणीस रुग्ण निवडले, त्यात दादा होता. तिनं कुणाकडे शब्द टाकला नव्हता. उलट, माझा भाऊ रुग्ण आहे, मी या चाचणीपासून लांब राहीन, असं तिनं हॉस्पिटलच्या समितीला लिहून दिलं होतं.

पाच महिन्यांनी भर बैठकीत वहिनीचा फोन आला.

"अगं, त्यांनी शर्टाची बटणं लावली! सगळी! मी हात लावला नाही."

ती बैठक सोडून धावत गेली. दादा आरशासमोर बसून बटणं काढत होता आणि परत लावत होता.

"ठमे, बघ," तो म्हणाला, "बावन्नाव्या वर्षी बालवाडी पास झालो."

वहिनी हसता हसता रडायला लागली.

त्याच सुमारास, तीन वर्षं जिच्यामागे ती लागली होती ती परदेशी कंपनी एकदाची आली. तिनं पाहुण्यांना सगळं फिरवून दाखवलं. गुरुजींचं काम त्यांना फार आवडलं. अख्खी प्रयोगशाळाच विकत घेतो म्हणाले. गुरुजी बिचकले.

"मॅडम, मोठा मासा आहे हा."

"गुरुजी, एकोणीस माणसांना औषध देऊन भागणार आहे का? हजारोंना द्यायचं तर मोठा कारखाना लागतो. तो तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे."

बोलणं खोटं नव्हतं. गुरुजींनी सही केली. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात ती मधोमध उभी होती.

चौथ्या महिन्यात पत्र आलं, अर्ध्या पानाचं. हे संशोधन कंपनीच्या यापुढच्या योजनांत बसत नाही, तेव्हा चाचणी थांबवण्यात येत आहे. औषध फसलं नव्हतं. कंपनीनं दुसऱ्याच औषधावर भिस्त ठेवली होती, एवढंच.

ती तडक कंपनीच्या इथल्या प्रमुखाकडे गेली.

"निदान या एकोणीस जणांचं तरी बंद करू नका."

"शिल्लक आहे ते दोन महिने पुरेल, तेवढं देऊ," तो खाली बघत म्हणाला. "पुढे बनवायला माणसंच नाहीत, मॅडम. प्रयोगशाळा बंद होतेय."

"गुरुजी बनवतील."

"करारानं त्यांना ते बनवता येणार नाही. तुम्ही वाचला होता तो करार."

तिनं वाचला होता.

दादाला तिनं स्वतःच सांगितलं. तो खिडकीपाशी बसला होता. त्यानं आपल्या बोटांवर मोजलं.

"दोन महिने म्हणजे आठ आठवडे," तो म्हणाला. "एखादा कोट होईल."

वहिनी दारात उभी होती. "त्या कंपनीला इथे आणलं कोणी?"

"अगं..." दादा म्हणाला.

"मी आणलं, वहिनी."

वहिनी आत निघून गेली.

कोट झाला नाही. एक बाही झाली. मग कात्री पुन्हा निसटली, मग चमचा, शेवटी जीभही जड झाली. ती रोज दुपारी ऑफिसातून येऊन त्याला भरवायची. तो तिला हाक मारायला जायचा आणि 'ठ'वरच अडायचा, मग डोळ्यांनीच 'जाऊ दे' म्हणायचा. ती बाहेर जिन्यात जाऊन तोंडात पदर कोंबून रडायची. औषध संपल्यावर चौदा महिन्यांनी दादा गेला. एकोणिसांपैकी सहा जण त्याच्या आधी गेले होते.

संघटनेच्या त्या वर्षीच्या सभेत तिनं एकच ठराव मांडला: प्रयोगशाळा कुणीही विको, कुणीही घेवो, चाचणीतल्या रुग्णांचं औषध थांबणार नाही. "अशा अटी घातल्या तर बाहेरून कोण येईल?" एकानं विचारलं. "येणार नाहीत काही जण," ती म्हणाली. एक्केचाळीस कंपन्यांनी सह्या केल्या. त्या परदेशी कंपनीनं केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती वहिनीला सांगायला गेली. वहिनीनं पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरं केलंस. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"वहिनी, मला..."

"तू मुद्दाम केलं नाहीस, कळतं गं मला. ते जाईपर्यंत तुझी बाजू घेत होते, तेही कळत होतं." वहिनीनं पेला उचलला. "पण तू समोर आलीस की मला ती बटणं दिसतात. थोडे दिवस येऊ नकोस."

तिनं मान हलवली, चपला घातल्या. थोडे दिवस म्हणजे किती, हे विचारायचा धीर तिला झाला नाही. वहिनीनं दार लोटलं, हळूच, आवाज न करता.