सोमवारी याच आवाजात

माइकचं बटण दाबून तिनं कागदावरचं पहिलं वाक्य वाचलं आणि बटण पुन्हा बंद केलं.

"आता काय झालं?" साहेबांनी विचारलं. आरोग्य विभागाचे साहेब तसे सरळ माणूस. पण तीन दिवस झोप नाही, दाढी वाढलेली, समोर चहाचे चार कप आणि चारही अर्धेच प्यायलेले.

"साहेब, हे ऐकून कुणी पाणी उकळणार नाही."

कागदावर लिहिलं होतं, 'खबरदारीचा उपाय म्हणून नागरिकांनी शक्यतो पाणी उकळून प्यावे.' शक्यतो! गल्लीगल्लीत काविळीचे रुग्ण निघत होते, आणि म्हणे शक्यतो.

ती इथली कारकून. आवाज खणखणीत, म्हणून विभागाच्या सगळ्या दवंड्या तिच्याच गळ्यात पडायच्या. अख्खं कार्यालय तिला भोंगाताई म्हणायचं. सोमवारी तिनंच वाचलं होतं, 'नळाचं पाणी शुद्ध आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका.' तेव्हा नमुने एकाच टाकीचे घेतले होते. दुसऱ्या टाकीचे राहूनच गेले. त्यांचा अहवाल आज सकाळी आला, पाणी खराब. भोंगा लावलेली गाडी मात्र अजून तिचं सोमवारचंच रेकॉर्डिंग वाजवत फिरत होती, कारण नवा मजकूर मंजूर झाल्याशिवाय जुना थांबवायचा नाही, अशी इथली रीत. कुणी पाडली देव जाणे.

अहवाल हातात पडताच तिनं घरी फोन केला होता. वहिनीला सातवा महिना. उकळलेल्या पाण्यानं तिला मळमळायचं, म्हणून ती नळाचंच प्यायची. या काविळीत गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतं, हे भोंगाताईला या खुर्चीत बसून पुरतं ठाऊक झालं होतं. आईनं मात्र तिलाच झापलं.

"अगं, फोनवर एक सांगतेस, गाडीवर दुसरं! आत्ताच तर दारावरून ओरडत गेलीस, पाणी शुद्ध आहे म्हणून. बिचारीला कशाला त्या कोमट पाण्यानं ओकायला लावतेस?"

ते सगळं तिनं साहेबांना सांगून टाकलं. सांगताना कागदाची घडी घालत होती, उलगडत होती.

"माझी सख्खी आई माझं ऐकत नाहीये, साहेब. माझ्याच आवाजामुळं. आधी आपण चुकलो हे सांगायला हवं."

"चुकलो म्हटलं की लोक अंगावर येतील."

"येऊ देत की! म्हणजे निदान ऐकलं तरी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग कागद ओढून 'शक्यतो' वर काट मारली, आणि लगेच बाकीच्या सगळ्यावरच.

"तुम्हीच बोला. आणि शेवटी माझा मोबाइल नंबर द्या. इथला फोन कुणी उचलत नाही."

तिनं बटण दाबलं.

"सोमवारी याच आवाजात पाणी शुद्ध आहे असं सांगितलं होतं. ते चुकलं. आम्ही एकाच टाकीचं पाणी तपासलं होतं. दुसऱ्या टाकीचं पाणी खराब निघालंय. उकळल्याशिवाय घोटभरही पिऊ नका. गरोदर बायकांनी तर अजिबात नाही."

या वाक्याला तिचा आवाज फाटला. तशातच तिनं साहेबांचा नंबर सांगितला आणि बटण बंद केलं.

"पुन्हा घेऊ?" तिनं साहेबांना विचारलं.

"नको. असू दे तसंच."

गाडी गेली. अर्ध्या तासात साहेबांचा मोबाइल वाजला. ते उभे राहिले.

"हो... हो, चुकलंच... नाही, त्यात तिचा काही दोष नाही... हो, लाज वाटते." पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की त्यांनी फोन कानापासून दूर धरला. तो आवाज ऐकून भोंगाताई खुर्चीतून अर्धी उठली.

"घ्या," साहेब म्हणाले. "तुमच्या मातोश्री."

"आई?"

"तुझ्या साहेबाला चार शब्द सुनावले, तेव्हा कुठं बरं वाटलं. माणूस वाईट नाही, ऐकून घेतलं बिचाऱ्यानं." आईनं श्वास घेतला. "वहिनीला संध्याकाळी डॉक्टरांकडे नेते. आत्ता ती पातेल्यापाशी उभी आहे. किती वेळ उकळायचं ते सांग. ते गाडीवर सांगायचं राहिलंच की तुमचं!"

साहेबांना ते लांबूनही ऐकू गेलं. त्यांनी कपाळावर हात मारला, कोरा कागद पुढं ओढला आणि गाडीला परत बोलवायला सांगितलं.