होसकोट्याचं पिल्लू

त्रिविक्रमराव म्हणजे ताकही फुंकून पिणारा माणूस. मल्लेश्वरमच्या बाजारात त्यांना फसवणारा भाजीवाला अजून जन्मायचा होता. ऑनलाइन कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं ठरलं तेव्हा महादेवपुऱ्यात राहणाऱ्या लेकीनं, आश्लेषानं, बजावलं की पिल्लू आणि त्याची आई डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. त्यांनी उलट तिलाच आणखी दोन नियम ऐकवले.

पहिल्या दोन विक्रेत्यांनी आगाऊ रक्कम मागितली, एकानं हिंदीत, दुसऱ्यानं कन्नडमध्ये. दोघांचेही फोन त्यांनी खाडकन बंद केले आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिले.

पिल्लू राखणीसाठी नको होतं. पत्नीला, अनुसूयाबाईंना, जाऊन सात महिने झाले होते आणि त्यांच्याबरोबर घरातली मराठीही गेली होती. कित्येक पिढ्या बेंगळुरात काढलेलं हे कुटुंब; बाहेर कन्नड, आत मराठी असा त्यांचा रिवाज. आता आत बोलायला कुणी उरलं नव्हतं. लेक घाईत असे, नातवंडं इंग्रजीत बोलत. कुत्र्याचं बरं असतं, शिकवाल ती त्याची भाषा. हे कारण कुणाला सांगायची मात्र त्यांना लाज वाटे.

तिसरा विक्रेता होसकोट्याचा, प्राणेश नावाचा. त्यानंही सुरुवात कन्नडमध्येच केली. यांचं आडनाव ऐकलं आणि एकदम मराठीत आला.

"अण्णा, म्हणजे तुम्ही आपलेच की. जेवण झालं?"

झालं, म्हातारा पाघळला. त्यानंतर रोज फोन. अनुसूयाबाईंचं आजारपण, त्यांच्या हातची गोड हुग्गी, शेवटचे दिवस, सगळं त्यांनी त्याला सांगितलं, आणि तो मन लावून ऐके. मधेच कधी गाडीचे पैसे लागत, कधी लसीचे, कधी पिंजऱ्याचे. पिल्लाची आई दाखव, असं त्यांनी एकदा म्हटलं. "आपल्या माणसावर स्वल्प विश्वास ठेवा अण्णा," तो म्हणाला, आणि यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

ठरल्या रविवारी पिल्लू आलं नाही. फोन बंद. नवा पट्टा पिशवीत घालून ते बसनं होसकोट्याला गेले. दिलेल्या पत्त्यावर पत्र्याचा कारखाना होता. तिथल्या वॉचमननं त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, या आठवड्यात पिल्लू शोधत आलेले तुम्ही तिसरे.

पोलिसांत तक्रार द्यायला आश्लेषा आली. ती रागावली नाही, त्यामुळे त्यांना जास्तच लागलं.

"पैशाचं नाही गं," ते म्हणाले. "तुझ्या आईचं सगळं मी त्याला सांगून बसलो."

त्यावर आश्लेषा रडली. त्यांना मात्र रडूही आलं नाही.

दोन आठवड्यांनी फोन वाजला. निवेदिता नावाच्या बाईंचा होता. आश्लेषानंच त्यांना नंबर दिला होता, पण वडिलांना सांगायचं ती कामाच्या गडबडीत विसरली होती. बाईंच्या सासूबाई नुकत्याच वारल्या होत्या आणि त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला घर हवं होतं. पैसे नकोत, आधी येऊन बघा, आम्ही दोन गल्ल्या पलीकडेच राहतो, असं त्या म्हणत होत्या. अगदी घरच्यासारखं मराठी बोलत होत्या.

"काका, त्याला फक्त मराठीच कळतं हो. दुसरीकडे कुठं द्यायचं त्याला?"

मला मराठी येत नाही, असं त्रिविक्रमरावांनी कन्नडमध्ये सांगितलं आणि फोन ठेवून दिला.