अढीचा वास

वास पहिल्यांदा आला तेव्हा आई भरल्या ताटावरून उठली आणि सरळ बॉम्ब शेल्टरच्या लोखंडी दारापाशी जाऊन उभी राहिली. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या त्यांच्या फ्लॅटमधली ही जाड भिंतींची खोली, युद्ध झालंच तर लपायला बांधलेली. युद्ध काही आलं नाही, म्हणून बाबांनी तिथे आंब्याची अढी घातली. दर मे महिन्यात टेक्का बाजारातून हापूसची पेटी यायची, फळ न् फळ वर्तमानपत्रात गुंडाळलं जायचं. जुरोंग आयलंडच्या केमिकल प्लांटमधून घरी आले की बाबा गळ्यातला पासही न काढता आधी आंबे चाचपायचे.

मागच्या मे महिन्यात अढी पिकली आणि बाबा गेले. फुफ्फुसांनी दगा दिला. आंबे आत सडले ते मुलाने, संकेतनेच, काढून टाकले. त्यानंतर आईने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत आंबाही सोडला.

आणि आता घरात आंब्याची सालसुद्धा नसताना पिकल्या हापूसचा घमघमाट. आईने दाराला तळहात लावला.

"अहो," ती म्हणाली, "आलात?"

संकेतच्या हातातला घास हातातच राहिला. वास बाबांचा नव्हता, त्याच्या झाडाचा होता.

झाड गांजाचं. दोन जातींचा संकर करून काढलेलं वाण. फुलं धरली की आंब्यासारखं दरवळतं, असं बिया देणारा मित्र म्हणाला होता. बाबा गेल्यावर संकेतला झोप येईना, तेव्हा त्या मित्राने आधी ओढायला दिलं आणि मग बिया. या देशात असलं एक रोप लावलं तरी वर्षानुवर्षांचा तुरुंग, हे इथेच शाळा शिकलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या मुलाला कुणी सांगायला नको होतं. तरी लावलं. दुःखात माणसाची अक्कल चरायला जाते, दुसरं काय!

त्यात सिंगापूरची हवा म्हणजे ओलं फडकं. जिथे कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते, तिथे त्या दाट फुलांची काय कथा! म्हणून संकेतने हवेतलं पाणी ओढणारं मशीन आणून आत बसवलं, आणि कॅमेऱ्याच्या लेन्सना फंगस लागतं असं सांगून दाराला कुलूप घातलं. मशीन दिवसभर एका सुरात घुरघुरायचं. बाबांचं ऑक्सिजनचं मशीनही शेवटचे महिने असंच घुरघुरत असे. संकेतच्या हे ध्यानातही आलं नव्हतं. आईच्या लगेच आलं.

तिने दारापाशी खुर्ची मांडली. दोन कप चहा घेऊन बसायची, वीजबिल वाढल्याचं सांगायची, गुडघे दुखतात म्हणायची, मध्येच थांबून मशीनचा आवाज ऐकायची आणि मान डोलवायची. वाळून काटकी झालेली बाई पोटभर जेवायला लागली. "आई, दार उघडून दाखवू का?" असं संकेतने एकदा धीर करून विचारलं, तर ती घाबरली. "नको रे. उघडलं की जातील."

मग रात्री आई झोपल्यावर तो कात्री घेऊन किती वेळा आत गेला आणि तसाच बाहेर आला, त्याची गणतीच नाही. झाड तोडलं तर बाबा पुन्हा जाणार, आणि या खेपेला त्यांना आपण मारणार. ठेवलं तर आपण जाणार. लिफ्टमध्ये युनिफॉर्म दिसला की तो जिन्याने जायचा. एकदा शेजारची चिनी आंटी नाक वर करून म्हणाली, "वा, सो नाइस स्मेल! मँगो, आह?"

आई हसून म्हणाली, "माय हजबंड."

आंटी घाईघाईने आपल्या घरात गेली.

श्राद्धाच्या आदल्या आठवड्यात एवढं मशीन लावूनही ओल शिरलीच. फुलं आतून राखाडी पडली, गोड वासाखाली कुजका वास आला. आई दाराला कान लावून बसली. "ह्यांना पुन्हा दम लागलाय," ती म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

श्राद्धाला सेरंगूनहून सुबोधकाका आले, बाबांचे धाकटे भाऊ. गुरुजी पुण्यात आणि आयपॅड टेबलावर, असं श्राद्ध चाललं. मग खीर, वडे, भात आणि आंब्याची एक फोड असं कावळ्याचं पान आईने कॉरिडॉरच्या कठड्यावर ठेवलं. पक्ष्यांना खायला घातलं तर इथे दंड होतो, म्हणून काका कॉरिडॉरवर नजर ठेवून उभे राहिले.

कावळा आला. पानापासून हातभर अंतरावर बसला आणि बसूनच राहिला.

"मी औषधं वेळेवर घेईन," आई हात जोडून म्हणाली. कावळा हलला नाही.

"दादा, वहिनींना मी काही कमी पडू देणार नाही," काका म्हणाले. तरी नाही.

"दर्भाचा कावळा करून शिववू या," आयपॅडमधून गुरुजी म्हणाले.

"नको!" आई म्हणाली. "ह्यांचं काहीतरी राहिलंय. संकेत, तू बोल. तुझीच काळजी असणार."

"बाबा, आय विल टेक केअर ऑफ आई. मी सांभाळीन तिला," संकेत म्हणाला. कावळ्याने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. बाबा खोटं पकडायचे तेव्हा अशीच मान वाकडी करायचे.

"बाबा," तो रडत म्हणाला, "ते झाड मी आज उपटतो. शेल्टरमधलं. परत कधीच नाही लावणार."

कावळ्याने उडी मारली, आंब्याची फोड उचलली आणि समोरच्या ब्लॉकवर निघून गेला.

"कसलं झाड?" काकांनी विचारलं. मग त्यांनी घरातून येणारा तो वास घेतला, इतका वेळ आंब्याचाच समजलेला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते आत गेले आणि त्यांनी आयपॅड पालथा घातला. "यजमान, दिसत नाही तुम्ही," असं गुरुजी खालून म्हणत राहिले.

आईने किल्लीसाठी हात पुढे केला.

दार उघडलं. जांभळ्या दिव्याखाली झाड उभं होतं, फुलं बुरशीने काळवंडलेली. आई वाकली, तिने वास घेतला, पुन्हा घेतला. संकेत तिच्या शिव्यांची वाट पाहत होता. शिव्या परवडल्या असत्या.

"म्हणजे ते आलेच नव्हते," ती म्हणाली.

"आई, सॉरी..."

"उपट ते आधी."

संकेत कुंडीपाशी बसला. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मशीनपाशी गेली आणि न चाचपडताच तिच्या बोटाला बटण सापडलं. मागच्या वर्षीही बाबा गेल्यावर त्यांचं मशीन तिनेच बंद केलं होतं.

घुरघुर थांबली.