काळ्यावर काळं

मार्तंडरावांची उजवी बाजू गेली तेव्हा वाचाही गेली. बुद्धीला मात्र धक्का लागला नव्हता. कोर्टात आयुष्यभर टायपिस्ट म्हणून काम केलेला हा माणूस सक्करदऱ्याच्या घरात खुर्चीवर बसून सगळं ऐकत होता, सगळं समजत होता, आणि घशातून नुसता घरघर आवाज निघत होता. डाव्या हातात थोडी ताकद उरली होती, पण पेन्सिल धरली की हात उडायचा. कोणी काही विचारलं आणि उत्तर हो असेल तर ते डोळे मिटत. नाही असेल तर उघडे ठेवत. लोक विचारतील तेवढंच त्यांना बोलता यायचं, आणि लोक पाणी, औषध आणि पंखा यांपलीकडे फारसं विचारत नसत.

मुलगा शरच्चंद्र मुंबईला नोकरीत होता. त्याच्या कंपनीने नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुन्यातला एक त्याने मागून घेतला, सुट्टीत घरी आणून काळ्यापांढऱ्या टीव्हीला जोडला आणि वडिलांचा डावा हात उशीवर टेकवून बोट कळांवर ठेवलं. कळा टाइपरायटरच्याच क्रमाने होत्या. मार्तंडरावांनी न बघता पहिला शब्द लिहिला, यमू. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. बायकोला इंग्रजी वाचता येत नव्हतं. यमुताईंनी साठीला टेकल्यावर ती अक्षरं शिकून घेतली, नवऱ्याचं बोलणं वाचण्यासाठी.

जाताना शरच्चंद्राने बजावून सांगितलं, "आई, हे बंद करायचं नाही. लिहायचा प्रोग्राम कॅसेटवरून आत भरावा लागतो. बंद झालं की तो पुसला जातो. वीज गेली तर प्रेमिलाला हाक मार."

प्रेमिला म्हणजे शेजारच्या महादेवरावांची सून. तिच्या शाळेत असलीच यंत्रं आली होती आणि ती मुलांना ती शिकवत असे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात उमरेडहून यमुताईंची धाकटी बहीण कौसल्या आली. लेकीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आली होती. यमुताईंनी तिला चहा दिला, कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "पाहतो गं. यांले सोडून कसं निघता येईल?"

नवऱ्याच्या आजारपणापासून त्या गल्लीच्या टोकापलीकडे गेल्या नव्हत्या. सीताबर्डीवरून लुगडं आणायचं तरी महादेवरावांची बायको आणून द्यायची. बहीण गेल्यावर त्या कूलरसमोर तशाच बसून राहिल्या. मार्तंडराव त्यांच्याकडे बघत होते. त्यांना वाटलं, मी एकटा नाही या खुर्चीत. हिलाही माझ्याबरोबर बांधून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लिहायला लागले. तू उमरेडला जा, माझ्यासाठी थांबू नकोस, एवढंच लिहायचं होतं. "तू" लिहून झालं, आणि हाताला झटका आला. असा झटका अधूनमधून यायचा. तळहात उशीवरून उसळून कळांच्या डाव्या कोपऱ्यावर आपटला, दोन-तीन कळा एकदम दाबल्या गेल्या. त्यांनी हात सावरला आणि पुढचं अक्षर दाबलं. ते उमटलं नाही. आणखी दाबलं. आधीचं "तू" तेवढं दिसत होतं, पुढे काळोख.

पण लुकलुकणारी छोटी रेघ होती, ती मात्र प्रत्येक कळेबरोबर एक घर पुढे सरकत होती. मार्तंडरावांच्या ते लगेच ध्यानात आलं. यंत्र ऐकतंय. अक्षर पडतंय, फक्त दिसत नाही. असं असलं तर त्याला काहीतरी उपाय असणार, हेही त्यांना कळत होतं. पण ते सांगायचं कसं? सांगायचं साधन तेच होतं. त्यांनी वाक्य पुरं केलं, मग पुन्हा लिहिलं, मग पुन्हा. लिहिता लिहिता पडद्यावरच्या ओळी वर सरकल्या आणि ते "तू"सुद्धा नाहीसं झालं.

यमुताई हात पुसत आल्या. "काहून? आज काही लिहीत नाही का?"

त्यांनी जोरजोराने कळा दाबल्या. त्या रेघेकडे बघ, असं त्यांना म्हणायचं होतं. यमुताईंना दिसला रिकामा पडदा आणि लालबुंद झालेला नवरा.

प्रेमिला उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ध्याला माहेरी गेली होती. महादेवराव आले. त्यांनी टीव्हीची सगळी बटणं फिरवली, मागची वायर काढून लावली. उजेड वाढवला तेव्हा पडदा राखाडी झाला, कमी केला तेव्हा पुन्हा काळा.

"वहिनी, पिक्चर ट्यूब गेली याची," ते म्हणाले. "दुकानवाल्याले सांगून ठेवतो. पण लग्नसराईत तो काही लवकर येत नाही."

"मशीन एकदा बंद करून पाहू का?"

"नको बा. शरदनं बजावलं आहे न? त्यातलं पुसलं गेलं तर भरणार कोण? सूनबाई येऊ द्या."

मार्तंडरावांनी घशातून आवाज काढला. करा, बंद करा, पुसलं जाऊ दे. पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लागला.

एरवी दिवसाआड जाणारी वीज त्या आठवड्यात एकदाही गेली नाही. कूलरची मोटर घरघरत राहिली आणि पडद्यावर ती रेघ लुकलुकत राहिली. मार्तंडराव समोर बसून लिहीत होते. न दिसणाऱ्या ओळींमागून ओळी. आधी उमरेडचं लिहिलं, मग राग लिहिला, मग नुसतंच यमू, यमू. यमुताईंना वाटे, बोटाला चाळा हवाय. त्या त्यांच्या खांद्यावर थोपटून स्वयंपाकघरात जात.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेतून जरीचं लुगडं काढलं, उन्हात धरून पाहिलं. मग ते मांडीवर घेऊन खुर्चीसमोर बसल्या.

"उद्या लग्न आहे," त्या म्हणाल्या. "महादेवराव म्हणतात, आम्ही पाहून घेतो. पण तुम्ही असे कासावीस होऊन राहिले. मी जाऊ नये असंच वाटते ना तुमाले?"

मार्तंडरावांनी डोळे टक्क उघडे धरले. नाही, असं वाटत नाही. त्यांनी जितके ताणता येतील तितके ताणले. उघड्या डोळ्यांत कूलरचा वारा लागला, पाणी भरलं आणि पापण्या आपोआप मिटल्या.

"समजलं," यमुताई म्हणाल्या. "नाही जात."

त्यांनी लुगड्याची घडी घातली. मार्तंडरावांनी कळांवर मूठ आपटली, पुन्हा आपटली. यमुताईंनी त्यांचा हात धरून उशीवर ठेवला आणि म्हणाल्या, "नाही जात म्हणलं न? आता शांत व्हा." त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी यमुताईंनी वरण-भात केला, त्यांना भरवला, स्वतः अर्ध्यावर पान सारलं.

दोन दिवसांनी प्रेमिला आली. सासऱ्यांनी दारातच पिक्चर ट्यूबचं सांगितलं होतं, तरी ती आत येऊन आधी टीव्हीकडे न बघता मार्तंडरावांकडे बघत राहिली.

"काका, लिहून दाखवा बरं."

त्यांनी एक कळ दाबली. ती पडद्याजवळ वाकली. "आणखी एक." मग ती सावकाश म्हणाली, "रेघ पुढे सरकून राहिली काकू. म्हणजे अक्षर उमटते आहे. फक्त दिसत नाही."

मार्तंडरावांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तसेच मिटून ठेवले.

"या कोपऱ्यावर हात पडला होता का?"

त्यांनी डोळे उघडून पुन्हा मिटले.

"शाळेत पोरं रोज करतात हे," प्रेमिला म्हणाली. "ही कंट्रोलची कळ आणि हिच्या बाजूची क्यू एकदम दाबली गेली, आणि वर आणखी एखादी, तर अक्षरांचा रंगच बदलते. कागद काळा होताच, शाईही काळी झाली. टीव्हीले काही झालं नाही अन् मशीनलेही नाही." तिने कंट्रोलची कळ धरून टी दाबली. "आता लिहा."

पांढरं अक्षर उमटलं. यमुताईंनी पदर तोंडाशी नेला.

"अन् आधी लिहिलेलं? इतके दिवस लिहूनच राहिले हे," त्यांनी विचारलं.

"ते गेलं, काकू. ते परत नाही येत."

मार्तंडराव लिहीत होते. यमुताई अक्षर अक्षर लावत वाचू लागल्या. लग्नाला जा म्हणत होतो. नको म्हणत नव्हतो.

त्यांनी ते दोनदा वाचलं. प्रेमिला बाहेर गेली. यमुताई भिंतीला टेकून खाली बसल्या, आणि मार्तंडरावांना वाटलं, आता ही रडेल. त्या रडल्या नाहीत.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही डोळे मिटले तेव्हा मले हलकं वाटलं. एसटीत बसायची, चार माणसांत जायची भीतीच बसली आहे. कोणी विचारलं असतं, यांची तब्येत कशी, तर काय सांगू? तुमचं नाव पुढे करून मी घरी राहिली."

मार्तंडरावांचं बोट कळांवर थांबलं. हे त्यांना सुचलंच नव्हतं. आपण दार उघडलं की ती निघेल, एवढंच ते धरून बसले होते. मग त्यांनी लिहिलं, भीती वाटली तरी जा.

कौसल्याची लेक सासरहून पहिल्यांदा माहेरी यायची होती, त्या वेळी जायचं ठरलं. यमुताईंनी दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली. अखेर प्रेमिलाने त्यांना बसस्टँडवर नेऊन उमरेडच्या एसटीत बसवलं आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली.

महादेवराव मार्तंडरावांना भरवायचे तेव्हा घास मोठा व्हायचा आणि अंग पुसायचे तेव्हा पाणी फार गार असायचं. त्यांना इंग्रजी अक्षरांतली मराठी झटकन लागत नसे. प्रेमिला येईपर्यंत मार्तंडराव थांबून राहत. खुर्ची तीच होती, उजवा हात तसाच मांडीवर पडलेला होता. पहिल्या संध्याकाळी घर इतकं मोठं वाटलं की आपण उगाच लिहिलं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

यमुताई ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा आल्या. पायही न धुता त्यांनी पाट ओढून समोर बैठक मारली आणि सांगायला लागल्या. जावई कसा लाजाळू आहे, कौसल्याने भाजीत मीठ कसं दोनदा टाकलं, येताना बसमध्ये कोळशाच्या खाणीतल्या एका बाईशी कशी ओळख निघाली. मार्तंडरावांचा हात उशीवर होता. त्यांनी एकही कळ दाबली नाही. ती बोलत होती, आणि त्यांना मध्ये बोलायचं नव्हतं.